वेब डिझाइनचा कोर्स निवडताना: आधी काम, मग क्लास, सर्टिफिकेट शेवटी

वेब डिझाइनच्या क्लासमध्ये चौकशीला गेलात की समोरची व्यक्ती आधी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवते, मग फी सांगते, आणि खोदून विचारलंत तरच शिकवणार काय ते सांगते. नोकरी देणारा नेमका उलटा चालतो. त्याला आधी तुम्ही केलेली पानं उघडून बघायची असतात. मग ती तुम्हीच केलीत का, याची खात्री करायची असते. सर्टिफिकेटपर्यंत तो पोचला तर पोचला. म्हणून कोर्स निवडतानाही त्याच्याच बाजूने सुरुवात करावी, असं माझं मत आहे. बारावी, आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी झालेल्या आणि घरून ‘एखादा कोर्स लाव’ असं ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी हा क्रम आहे.

पायरी १: कोणतं काम करायचंय ते ठरवा

‘वेब डिझायनर’ या एका नावाखाली निदान चार वेगळी कामं चालतात. पहिलं यूआय-यूएक्सचं, म्हणजे साइट दिसेल कशी आणि वापरायला कशी वाटेल ते ठरवण्याचं: फिग्मा या डिझाइनच्या साधनात स्क्रीन आखायच्या, वापरणाऱ्यांशी बोलायचं, बटण कुठे हवं आणि का हवं हे पटवून द्यायचं. दुसरं फ्रंटएंडचं: तेच डिझाइन एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं रूप) आणि जावास्क्रिप्ट (पानाची हालचाल) या कोडमध्ये उतरवायचं. तिसरं वर्डप्रेसचं, म्हणजे फारसा कोड न लिहिता साइट उभी करणाऱ्या तयार प्रणालीचं: थीम (तयार रूप), प्लगइन (वरून जोडायच्या सोयी), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), डोमेन (साइटचा पत्ता), आणि साइट बंद पडली की रात्री येणारे फोन. चौथं काम म्हणजे लहान एजन्सीतला ‘सगळं तूच कर’ हा प्रकार. त्यात साइटही करायची, दिवाळीची पोस्टही करायची आणि क्लायंटला गुगलवर वर आणायचंही.

यातलं कुठलं हवं, हे क्लासवाल्याला विचारू नका, जाहिरातींना विचारा. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन आणि इंटर्नशाला या तिन्ही ठिकाणी फ्रेशरसाठी निघालेल्या वीसेक जाहिराती काढा. तुम्ही ज्या शहरात राहू शकता, त्याच शहरातल्या घ्या. प्रत्येक जाहिरातीत मागितलेली कौशल्यं वहीत उतरवा आणि एकच शब्द पुन्हा आला की त्यापुढे रेघ मारा. नाशिक, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरमधल्या एजन्सींच्या जाहिराती आणि बाणेर-हिंजवडीतल्या कंपन्यांच्या जाहिराती शेजारी ठेवून वाचल्या की फरक आपोआप दिसतो. एकीकडे वर्डप्रेस आणि त्यावर पानं जुळवणारं एलिमेंटर वारंवार येतं, दुसरीकडे फिग्मा, डिझाइन सिस्टिम (कंपनीभर वापरायचे ठरलेले डिझाइनचे भाग), रिॲक्ट (जावास्क्रिप्टवरचं एक साधन). वर्डप्रेसला नाकं मुरडणारे बरेच भेटतील. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात, एवढं त्यांना सांगा.

ही रेघा मारलेली वही पुढे प्रत्येक चौकशीला सोबत न्यायची आहे.

पायरी २: पैसे भरण्याआधी फुकटात करून बघा

दोन-तीन आठवडे रोज दीड-दोन तास काढा. मोझिलाचं एमडीएन हे एचटीएमएल-सीएसएसचं सर्वांत भरवशाचं आणि पूर्ण मोफत ठिकाण आहे. हाताला धरून शिकवणारं हवं असेल तर फ्रीकोडकॅम्प या साइटचा रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनच्या आकाराप्रमाणे बदलणाऱ्या) वेब डिझाइनचा भाग घ्या, तोही मोफत. इंग्रजी व्याख्यानं डोक्यावरून जात असतील तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. त्यांतले काही मराठीतही आहेत. मात्र या धंद्यातली बहुतेक अधिकृत माहिती इंग्रजीत असते. बोलता नाही आलं तरी चालेल, पण वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

साहित्य फारसं लागत नाही. ८ जीबी रॅमचा, सेकंडहँड का होईना, लॅपटॉप पुरतो. कोड लिहिण्याचं साधन व्हीएस कोड मोफत आहे, फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं आणि शिकण्यापुरता त्याचा मोफत प्लॅन पुरेसा आहे. मोबाइलवर मात्र हे शिकू नका. मोबाइलवर शिकलेल्याला टाइप करायचा कंटाळा येतो आणि मग सगळंच नुसतं बघितलेलं राहतं.

या काळात एकच पान पूर्ण करा. गावातल्या खानावळीचं, घराजवळच्या सायकल दुकानाचं, काहीही. चौकट डावीकडे का सरकली हे शोधण्यात संध्याकाळ गेली आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटलं, तर पुढे जा. नाही वाटलं, तर फीचे पैसे वाचले. रंग, अक्षरं, मांडणी यात रस वाटला पण कोडचा कंटाळा आला, तर यूआय-यूएक्सकडे वळा.

पायरी ३: तुमच्या शिक्षणाला साजेसा रस्ता बघा

दहावीनंतर आयटीआयला ‘कोपा’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. त्यात वेबपेज आणि जावास्क्रिप्टची ओळख होते. डिझायनर होत नाही, पण राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र हातात येतं. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या (एमएसबीटीई) कॉम्प्युटर डिप्लोमात क्लायंट साइड स्क्रिप्टिंग आणि पीएचपीसारखे विषय राहिलेले आहेत. डिप्लोमावाल्यांनी पुन्हा ‘बेसिक एचटीएमएल’साठी क्लासला पैसे घालवू नयेत, जुन्या वह्या उघडाव्यात.

नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘ओ लेव्हल’ या संगणक प्रमाणपत्राकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्याच्या चार पेपरांपैकी एक पूर्ण पेपर वेब डिझायनिंग अँड पब्लिशिंगचा आहे, सोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि आयओटी, म्हणजे इंटरनेटला जोडलेली उपकरणं. संस्थेचं एक केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. आणि मुख्य म्हणजे क्लास न लावता थेट उमेदवार म्हणूनही परीक्षा देता येते. संगणक सहायक प्रकारच्या सरकारी जागांसाठी अर्ज करायचा विचार असेल, तर हे प्रमाणपत्र खाजगी क्लासच्या कुठल्याही डिप्लोमापेक्षा उपयोगी. डिझाइनची नजर मात्र त्यातून येणार नाही.

इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालेल्यांना सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स माहीत असतोच. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तो सॉफ्टवेअर डेव्हलपरचा कोर्स आहे. वेब त्यात येतं, पण डिझायनर व्हायचं असेल तर तो रस्ता लांबचा. ज्यांना डिझाइनच खोलात जाऊन शिकायचंय आणि दोन वर्षं देता येतात, त्यांनी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा इंटरॲक्शन डिझाइनचा एमडेस (पदव्युत्तर पदवी) बघावा. प्रवेश सीड या परीक्षेतून होतो. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीला जायचं तर यूसीड ही परीक्षा आहे. यातून बाहेर पडणाऱ्याला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही, पण आत शिरणंही सोपं नाही.

एमएस-सीआयटीबद्दल पालकांचा हमखास प्रश्न असतो. ते संगणक साक्षरतेचं प्रमाणपत्र आहे, राज्य सरकारच्या अनेक पदांना ते लागतं, म्हणून जरूर करा. वेब डिझाइनच्या नोकरीशी त्याचा संबंध नाही.

उरले खाजगी क्लास आणि ऑनलाइन कोर्स. बहुतेकांचे पैसे इथेच जातात, म्हणून पुढच्या दोन पायऱ्या नीट वाचा.

पायरी ४: अभ्यासक्रम घरी नेऊन वाचा

छापील किंवा पीडीएफ अभ्यासक्रम मागा. ‘तो ॲडमिशननंतर मिळतो’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

मिळाला, तर तो कोणत्या साली थांबलाय हे आधी तपासा. फ्लॅश या जुन्या ॲनिमेशनच्या साधनाचं नाव दिसलं तर प्रश्नच मिटला. ॲडोबीने ते २०२० च्या अखेरीस कायमचं बंद केलं. ड्रीमविव्हर हे पानं बनवण्याचं जुनं सॉफ्टवेअर मुख्य साधन म्हणून शिकवत असतील, पानाची मांडणी टेबलने किंवा फ्लोटने करायला शिकवत असतील, तर तो अभ्यासक्रम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. मांडणीची आजची पद्धत म्हणजे सीएसएस ग्रिड, ते मोठ्या ब्राउझरमध्ये २०१७ साली आलं. त्याचं आणि फ्लेक्सबॉक्स या तशाच दुसऱ्या पद्धतीचं नावही नसेल तर पुढे वाचू नका. ‘यूआय डिझाइन’च्या मथळ्याखाली फक्त फोटोशॉप असेल किंवा ॲडोबी एक्सडी असेल, तरीही तेच. एक्सडीवरचं नवं काम ॲडोबीने थांबवलेलं आहे आणि जाहिरातींत तुम्हाला फिग्माच दिसलं असेल.

दुसरी खूण क्रमात असते. बूटस्ट्रॅप (तयार सीएसएसचा संच) आधी आणि सीएसएस नंतर किंवा ‘आवश्यकतेनुसार’ असेल, तर मुलं त्यातली तयार क्लासनावं कोडमध्ये चिकटवायला शिकतात. क्लायंटने ‘हे जरा असं नाही, तसं हवं’ म्हटलं की तिथेच अडकतात.

चांगल्या अभ्यासक्रमात काय असतं? एचटीएमएलचे अर्थवाही टॅग (मथळा, मेनू असं नेमकं काय आहे ते सांगणारे), फॉर्म, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड, मोबाइलपासून सुरू होणारी रिस्पॉन्सिव्ह मांडणी, फिग्मातलं ऑटो लेआउट आणि कॉम्पोनंट, गिट आणि गिटहब (कोडमधले बदल जपण्याची आणि कोड ठेवण्याची साधनं), साइट प्रत्यक्ष इंटरनेटवर चढवणं. याशिवाय दोन विषय असे आहेत की ते असतील तर शिकवणारा खरोखर या धंद्यात आहे असं मी धरतो.

पहिला वेग. गुगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये तीन मोजमापं आहेत: पानातला मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावं, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद यावा, आणि लोड होताना पान इकडेतिकडे उडण्याचा आकडा ०.१ च्या आत राहावा. यातलं मधलं, आयएनपी नावाचं मोजमाप मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आलं. डेमो लेक्चरला गेलात तर सरांना सहज विचारा, ‘सर, आयएनपी म्हणजे काय?’ उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं ते बघा. ‘मला बघावं लागेल’ म्हणणारे सर चांगले. थापा मारणारे नकोत.

दुसरा सुगम्यता, म्हणजे ॲक्सेसिबिलिटी. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून तुमचा फॉर्म भरू शकतो का, माउस न वापरता पानभर फिरता येतं का, अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग पुरेसा वेगळा आहे का. डब्ल्यूसीएजी हे यासाठीचं जागतिक मानक आहे आणि त्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींचा हक्क कायदा २०१६ चा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. युरोपचा सुगम्यता कायदाही जून २०२५ पासून लागू झाला, त्यामुळे तिकडच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनाही हे टाळता येत नाही. क्लासच्या अभ्यासक्रमात या विषयाला दोन तास जरी दिलेले असले तरी ती जागा इतरांपेक्षा बरी.

शेवटी तास मोजा. तीन महिन्यांत एचटीएमएलपासून रिॲक्ट, पीएचपी, एसईओ (गुगलवर साइट वर आणणं) आणि डिजिटल मार्केटिंगपर्यंत सगळं म्हणणाऱ्या कोर्समध्ये आठवड्याला सहा तास असतील, तर एकूण सत्तर-पंचाहत्तर तास झाले. एवढ्या तासांत एचटीएमएल आणि सीएसएस जेमतेम हाताला बसतं. यादी लांब आणि तास थोडे, म्हणजे नावं शिकवणार, काम नाही.

पायरी ५: डेमो लेक्चर, फी आणि करार

डेमो लेक्चर शक्यतो चालू बॅचमध्ये बसून ऐका. खास डेमोसाठी ठेवलेलं लेक्चर सगळ्यांचंच छान असतं. त्याच सरांकडे पुढचा कोर्स असणार आहे का, हे नावानिशी विचारा. बॅचमध्ये किती जण, असाइनमेंट कोण तपासतं आणि तपासून लेखी काय देतं, हेही विचारा. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. व्हिडिओ फुकट मिळतात. आपली चूक दाखवणारं माणूस मिळत नाही, आणि फी द्यायची तर त्यासाठी.

मग मागच्या बॅचच्या मुलांनी केलेल्या, आज चालू असलेल्या पाच साइटच्या लिंक मागा. त्या मोबाइलवर उघडा. पाचही साइट एकाच साच्यातल्या निघाल्या, नुसते रंग बदललेले, तर तिथे प्रोजेक्ट पाठ करून घेतात.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ या वाक्यापाशी थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात अशा हमीवर बोट ठेवलं आहे. तोंडी हमी देणाऱ्याला ती पावतीवर लिहून मागा. बहुतेक ठिकाणी तिथे ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असे शब्द येतात, आणि त्याचा अर्थ व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती टाकणं एवढाही असू शकतो. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

‘आयएसओ प्रमाणित संस्था’, ‘भारत सरकार नोंदणीकृत’ या पाट्यांना भुलू नका. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, अभ्यासक्रमाबद्दल नाही. आणि कंपनी किंवा उद्योग म्हणून नोंदणी कुणालाही करता येते. खरंच सरकारमान्य असेल तर कोणत्या मंडळाचा कोर्स, त्या कोर्सचा कोड कोणता, परीक्षा कोण घेतं, हे तिन्ही सांगता आलं पाहिजे. मग तो कोड मंडळाच्या साइटवर स्वतः शोधा.

फीच्या बाबतीत तीन गोष्टी. सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा. एकरकमी भरू नका, महिन्याच्या हप्त्याने भरा, थोडी सूट गेली तरी चालेल. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून टॅबवर सही मागितली तर हात आखडता घ्या. तो क्लासचा हप्ता नसतो, एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या किंवा वडिलांच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास सोडला किंवा बंद पडला तरी हप्ते सुरूच राहतात आणि चुकले तर सिबिल, म्हणजे कर्ज मिळवण्याची पत, बिघडतं. कर्ज घ्यायचंच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मिळणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागून घ्या, त्यात वार्षिक दर आणि कर्ज परत फिरवण्याची मुदत लिहिलेली असते.

पायरी ६: सर्टिफिकेट, पण कोणतं आणि कधी

वकिली किंवा सीएसारखी सनद या धंद्यात नाही. कुठलंही सर्टिफिकेट नसताना वेब डिझाइन करणं पूर्ण कायदेशीर आहे आणि हजारो लोक तसंच करतात. त्यामुळे प्रश्न ‘कोणतं चांगलं’ असा नसून ‘माझ्या वहीतल्या जाहिराती कोणतं मागतात’ असा आहे.

फक्त हजेरी लावल्याचं सर्टिफिकेट रिझ्युमेत न लिहिलेलंच बरं. त्यापेक्षा काम करून मिळणारं घ्या. फ्रीकोडकॅम्पचं मोफत आहे आणि ते मिळवायला स्वतः प्रोजेक्ट करून द्यावे लागतात. कोर्सेरावर गुगलचं यूएक्स डिझाइनचं आहे. त्यात तीन मोठे प्रोजेक्ट करून घेतात आणि पोर्टफोलिओचा, म्हणजे दाखवायच्या कामांच्या संग्रहाचा, पाया तिथेच पडतो. फ्रंटएंडसाठी मेटाचं आहे, ते रिॲक्टपर्यंत नेतं. कोर्सेरावर पैसे महिन्याच्या हिशोबाने जातात, म्हणून परीक्षांच्या दिवसांत सुरू करू नका. मोकळा काळ बघून सलग उरका. परवडत नसेल तर आर्थिक साहाय्याचा अर्ज करता येतो.

डब्ल्यूथ्रीस्कूल्सचं सर्टिफिकेट घेताना एक लक्षात ठेवा: नावात साम्य असलं तरी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेशी त्याचा काही संबंध नाही. साइट उपयोगी आहे, सराव जरूर करा.

खऱ्या अर्थाने परीक्षा देऊन मिळवायचं आणि कंपन्या आवर्जून बघतात असं या क्षेत्रात मला एकच दिसतं, सुगम्यतेचं. आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सीपीएसीसी आणि डब्ल्यूएएस अशा दोन परीक्षा आहेत. फी डॉलरमध्ये आणि भारी, शिवाय दर तीन वर्षांनी नूतनीकरण. पहिल्या नोकरीआधी याच्या वाटेला जाऊ नका. दोन-तीन वर्षं काम झाल्यावर आणि शक्यतो कंपनीच्या खर्चाने द्या.

एक कडू गोष्ट: मोठ्या आयटी कंपन्यांत चाळणी अजूनही पदवीवर लागते. पदवी अर्धवट सोडून सहा महिन्यांचा कोर्स करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पूर्ण करा आणि शेजारी हे शिका.

पायरी ७: पोर्टफोलिओ कोर्सबरोबरच सुरू करा

कोर्स संपण्याची वाट बघायची नाही. गिटहब पेजेसवर साइट फुकट चढवता येते. पहिल्या महिन्यातलं कच्चं पानही चढवा, नंतर बदला. तीन चांगली कामं पुरतात. नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉनच्या नकला बघून मुलाखत घेणारे कंटाळलेत. हाऊसिंग सोसायटीच्या देखभाल खर्चाचं पान, गणेश मंडळाचं वर्गणी आणि कार्यक्रमांचं पान, दूध संकलन केंद्राचे दर दाखवणारं मोबाइल पान, यात विचार करायला जागा आहे. प्रत्येक कामाबरोबर चार ओळी लिहा: कुणासाठी, काय अडचण होती, काय बदललं.

त्यातलं एक काम मराठीत करा. भावनेपोटी नाही, त्यातलं तांत्रिक काम फार थोड्यांना येतं म्हणून. पानाची भाषा कोडमध्ये ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) अशी सांगितली की काही देवनागरी फाँट ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं आपोआप आणतात, नाहीतर हिंदी वळणं दिसतात. इंग्रजी मथळ्यासाठी वापरतात तसं अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधली उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावी लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत आहेत, तिथून सुरुवात करता येईल. मराठी वृत्तसाइट, बँका, सरकारी पोर्टल यांच्यासाठी काम करणाऱ्या एजन्सीसमोर हे बोललात की मुलाखतीचा नूर बदलतो.

एआय वापरून पान मिनिटात होतं, हे मुलाखत घेणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून हल्ली समोर बसवून ‘हा मेनू मोबाइलवर दुमडून दाखवा’ असं सांगतात. एआय वापरा, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ का आहे हे सांगता येईपर्यंत ते काम आपलं म्हणून पोर्टफोलिओत ठेवू नका.

रिझ्युमे एक पानाचा ठेवा. सर्वांत वर नावाखाली पोर्टफोलिओची लिंक, खाली तीन कामं, त्यानंतर शिक्षण. सर्टिफिकेट शेवटच्या ओळीत, आणि तेही पडताळणीच्या लिंकसह. लिंक नसेल तर ती ओळ काढून टाका.